ओटा बसवताना दगड सगळ्यात शेवटी येतो

स्वयंपाकघरात ओटा करायचा ठरला की पाय आपोआप ग्रॅनाइटच्या दुकानाकडे वळतात. पहिल्या खेपेला माझेही वळले. लादी आवडली, घासाघीस करून सौदा झाला, आगाऊ पैसे दिले. सिंक अजून घेतलेलं नाही आणि ट्रॉल्यांची मापं कुणीच ठरवलेली नाहीत, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. दुकानदाराने ‘सगळीकडे हेच बसतं’ म्हणत अंदाजाने सिंकचं भोक पाडून दिलं. आम्ही नंतर आणलेलं सिंक त्याहून दोन इंच मोठं निघालं. मिस्त्रींनी घरातच कोरडं कटर लावून भोक वाढवलं. तीन दिवस डब्यांवरची धूळ पुसत बसले, आणि आठ महिन्यांत सिंकच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेपर्यंत केसासारखी चीर गेली.

दुसऱ्या घरात ओटा केला तेव्हा क्रम उलटा ठेवला. आधी सिंक, शेगडी, ट्रॉल्या, मग खालचा सांगाडा, मग माप, आणि दगड सगळ्यात शेवटी. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या ओट्याबद्दल: सरळ, दहा फुटी, तिसऱ्या मजल्यावरचा. कामं मिस्त्री आणि ग्रॅनाइटचे कारागीरच करतात. पण कुठल्या वेळी शेजारी उभं राहून काय बघायचं, हे आपल्याला माहीत हवं.

आधी कोपर मोजा

ओट्याची उंची विचारली तर दहापैकी नऊ जण ‘बत्तीस-तेहेतीस इंच’ म्हणतील. वाईट नाही, पण हा आकडा तुमच्या अंगाचा नव्हे. अनवाणी ताठ उभं राहा, हात कोपरात काटकोनात वाका आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर घ्या. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की कणीक मळायला आणि भाजी चिरायला सोयीची उंची मिळते. मी पाच फूट एक इंच, माझं कोपर ३८ इंचांवर येतं. त्या हिशेबाने ओटा ३३ इंच.

पण घरात सासूबाईही स्वयंपाक करतात, आणि त्या माझ्याहून तीन इंचांनी कमी. शिवाय ओट्यावर ठेवायची साधी शेगडीच चार-पाच इंच उंच असते. तिच्यावर कुकर चढला की आत डोकावायला टाचा उंच कराव्या लागतात. म्हणून आम्ही ३२ वर थांबलो. ओट्यात बसवायची हॉब शेगडी घेणार असाल तर इंचभर वर जायला हरकत नाही. मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये ३४-३६ इंची ओटे सर्रास दिसतात. तिथे पाच मिनिटं पोळी लाटल्यासारखं करून बघा, खांदे लगेच सांगतील.

ही उंची तयार फरशीपासून धरायची. फरशी नंतर बदलणार असाल तर तिची जाडी आत्ताच हिशेबात घ्या.

दगड कोणता

आपल्या आजीच्या ओट्यावर कडप्पा असायचा आणि खाली जमिनीला शहाबादी. पहिला आंध्रातल्या कडप्पा भागातला, दुसरी कर्नाटकातल्या शहाबादची. दोन्ही मुळात चुनखडक. म्हणजे लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतलं काहीही सांडून राहिलं की आम्ल दगडाला खातं आणि पांढरट, खरखरीत डाग पडतो. संगमरवराचंही तेच. दिसायला देखणा, पण कोकमाचं सार करणाऱ्या घरात ओट्यावर घालायचा दगड नव्हे तो.

ग्रॅनाइट या आम्लांना दाद देत नाही, आणि सुरीनेही त्यावर ओरखडा उठत नाही. उलट सुरीच बोथट होते. गंमत म्हणजे बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो भूगर्भशास्त्राच्या भाषेत बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे ज्या काळ्या पाषाणाचे आपले पाटे-वरवंटे झाले त्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा चुलतभाऊ. प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सीही त्याच घराण्यातला. ओट्यासाठी हे काळे दगड उत्तम, कारण ते पाणी आणि तेल फारसं पीत नाहीत. फिकट, पांढरे ग्रॅनाइट जास्त पितात. हळदीच्या तेलाचा थेंब रात्रभर राहिला तर सकाळी खूण दिसते. ते घ्यायचेच असतील तर डाग आत मुरू न देणारं दगडाचं सीलर लावणं आलं.

क्वार्ट्झ म्हणून विकला जातो तो दगडाचा चुरा राळेत बांधून कारखान्यात केलेला पत्रा. एकसारखा दिसतो, सहज डाग धरत नाही. पण राळेला उष्णता सोसत नाही. फोडणीची कढई उचलून थेट ओट्यावर टेकवायची सवय ज्या घरात आहे, तिथे मी क्वार्ट्झ सुचवणार नाही.

दुकानात जाताना खिशात लिंबू आणि नेलपॉलिश रिमूव्हर ठेवा. दुकानदार हसतो, हसू दे. लादीच्या तुकड्यावर लिंबाचा रस दहा मिनिटं ठेवून पुसा. चमक गेली तर तो चुनखडकाच्या जातीचा. रिमूव्हरचा बोळा काळ्या लादीवर घासून कापसाला काळा रंग लागला तर दगड रंगवून काळा केलेला आहे. लादी उभी असताना बोटाच्या पेराने वाजवा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर आत कुठेतरी भेग आहे. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली दिसली तर तो दगड मुळात कमजोर होता, एवढं समजा. आणि जाडी मोजा. १८ मिलिमीटर म्हणून दाखवलेली लादी एका टोकाला १५ भरते, असं मी स्वतः पाहिलंय.

भाव चौरस फुटाचा असतो, पण त्यापलीकडे कडेच्या मोल्डिंगचे रनिंग फुटावर (म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावर), सिंकच्या भोकाचे वेगळे, शेगडीच्या भोकाचे वेगळे, वाहतूक आणि जिन्याची चढाई वेगळी. हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. वाया जाणारा भाग कुणाच्या माथी, हेही.

खालचा सांगाडा

१८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो. दहा फूट लांब, २५ इंच रुंद ओटा म्हणजे ९४ किलो नुसता दगड. वर पिंप, मिक्सर, पाण्याने भरलेलं सिंक. आणि माळ्यावरचा डबा काढायला ओट्यावर चढून उभा राहणारा माणूस, जो प्रत्येक घरात असतोच.

आपल्याकडची रूढ पद्धत अशी: उभे कडप्पे, त्यांवर आडवा कडप्पा, त्यावर सिमेंट-वाळूच्या मालाचा थर आणि वर ग्रॅनाइट. मला ती अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. प्लायच्या कपाटांवर थेट दगड ठेवता येतो, पण सिंकखाली एकदा गळती झाली की प्लाय फुगतो आणि दगडाचा आधारच जातो. कडप्पा मात्र ओला झाला तरी जागा सोडत नाही.

उभे कडप्पे कुठे यायचे हे ट्रॉल्या ठरवतात, म्हणून ट्रॉलीवाल्याला आधी बोलवायचं. दोन उभ्यांमधलं अंतर तीन फुटांपेक्षा जास्त नको. सिंकच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा हवाच, आणि जिथे ग्रॅनाइटचा जोड येणार तिथेही एक. आडवा कडप्पा भिंतीत इंच-दीड इंच खाच मारून आत घुसवतात. भिंत चार इंची असेल तर खाच खोल होऊ देऊ नका, आणि खाच मारण्याआधी भिंतीतले पाण्याचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते खडूने आखून ठेवा.

उंचीचं गणित इथेच चुकतं. आम्हाला ३२ इंच हवे होते. त्यात ग्रॅनाइट पाऊण इंच, माल पाऊण इंच, आडवा कडप्पा एक इंच. म्हणजे उभे कडप्पे साडेएकोणतीस इंचांवर संपायला हवेत. मिस्त्री सवयीने ‘होईल बरोबर, वहिनी’ म्हणतात. तरीही टेप लावून भिंतीवर तिन्ही रेघा मारून घ्या.

आडव्या कडप्प्याची खडबडीत बाजू वर ठेवायची, नाहीतर माल धरत नाही. सिंक ओट्याखालून लावणार असाल तर कडप्प्यातलं भोक ग्रॅनाइटच्या भोकापेक्षा मोठं लागतं, कारण सिंकची कड त्या दोन थरांच्या मध्ये बसते. ही गोष्ट विसरली की शेवटच्या दिवशी कडप्पा फोडत बसावं लागतं.

सिलिंडर ओट्याखाली राहणार असेल तर त्या कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी किंवा भोकं ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली साठते. पाइपचा गॅस असेल तर पाइप मिस्त्रींना हलवू देऊ नका. कंपनीचा माणूस बोलवा.

सांगाडा उभा झाला की सांध्यांवर सात दिवस पाणी मारायचं. गणपती तोंडावर आले म्हणून हे दिवस खाऊ नका. गणपतीच्या आधी ओटा हवा असेल तर काम आषाढात काढा.

माप आणि साचा

सांगाडा पक्का झाल्यावरच दगडाचं माप घ्यायचं, नकाशावरून कधीच नाही. कुठल्याही घराच्या भिंती काटकोनात नसतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. आमचं पाच फूट चार सूत आलं (आठ सूत म्हणजे एक इंच). म्हणजे कोपरा अर्धा इंच उघडा.

म्हणून कागदी साचा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा मोठा खोका उघडून ओट्यावर पसरा, भिंतीच्या वळणाप्रमाणे कापा, पुठ्ठे एकमेकांना चिकटपट्टीने जोडा. ओट्याची रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन टोकं आणि मध्य. भिंतीकडे दोन सूत जागा सोडा, ती नंतर डाडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइलखाली झाकली जाते. पुढे ट्रॉलीच्या दारापेक्षा एक इंच बाहेर. पुठ्ठ्यावर ‘वरची बाजू’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. साचा उलटा पडून लादी डावीची उजवी कापली गेल्याचे किस्से प्रत्येक कारागिराकडे असतात.

दहा फुटी अखंड लादी मिळते, पण जिन्याच्या वळणात ती वळत नाही. घरच्या जिन्यावर दहा फुटांची काठी नेऊन बघा, मग ठरवा. आम्ही सहा आणि चार फुटांचे दोन भाग केले. जोड सिंकपासून आणि शेगडीपासून लांब, उभ्या कडप्प्याच्या बरोबर डोक्यावर घेतला. ओटा एल आकाराचा असेल तर कोपऱ्यातला जोड सरळ काटकोनी घ्या. तिरका, पंचेचाळीस अंशांचा जोड दिसतो छान, पण त्याची टोकं टिचतात.

ओटा सिंकपाशीच तडकतो

सिंकच्या पुढे उरते ती दगडाची अरुंद पट्टी. सगळ्या ओट्यात कमजोर जागा तीच, आणि आपण पोट टेकवून, कळशी आदळून सगळा भार तिच्यावरच टाकतो. ती तीन इंचांपेक्षा कमी होऊ देऊ नका.

२४ बाय १८ इंची सिंक म्हणजे बाहेरची कड धरून. आतलं भांडं साधारण २२ बाय १६ भरतं. ओट्याखालून लावायचं तर भोक आतल्या मापाचं, वरून टेकवायचं तर बाहेरच्या कडेपेक्षा जरा लहान. २५ इंची लादीतून १६ इंच गेले की ९ उरतात: पुढे चार, मागे पाच. मागच्या पाच इंचांत नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक आरामात बसतं. यासाठी सिंक कारागिराच्या ताब्यात द्या. खोक्यावर छापलेल्या मापावर विसंबू नका.

भोकाचे चारही कोपरे गोल हवेत. आधी चार कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोकं पाडायची आणि मग ती कटरने जोडायची. कटर कोपऱ्यात आडवा-उभा ओढून काटकोनी कोपरा काढला की कापाचं टोक दगडात पुढे सरकलेलं असतं. आमच्या पहिल्या ओट्यातली चीर अशाच कोपऱ्यातून निघाली होती.

ओट्याखालून लावलेलं सिंक नुसत्या चिकटवणीवर सोडू नका. पाण्याने आणि भांड्यांनी भरल्यावर ते चाळीस किलोंच्या पुढे जातं. खाली लोखंडी अँगल किंवा कडप्प्याचा आधार हवा.

दगडाच्या पुढच्या कडेखाली, काठापासून अर्धा इंच आत, लांबीभर एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली टपकतं, पागोळीसारखं, आणि ट्रॉलीच्या दारांवर पसरत नाही. कारागीर हे स्वतःहून करत नाहीत; सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

धूळ

कापणं, मोल्डिंग आणि कडेचं पॉलिश दुकानात किंवा गच्चीवर, आणि पाणी सोडूनच. दगडाच्या कोरड्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुफ्फुसात साठून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या पत्र्यांत सिलिका इतकी जास्त की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदीच घातली. घरात एखादं भोक वाढवायची वेळ आलीच तर शेजारी एकाने पाण्याची बाटली धरावी आणि कारागिराला चांगला मास्क आपण द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

बसवण्याचा दिवस

लादी नेहमी उभी न्यायची, दार नेतो तशी. आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने सिंकच्या भोकापाशी मोडते. सहा फुटी तुकडा छप्पन्न किलो, भोक जाऊन थोडा हलका; तरी जिन्यात चार माणसं हवीत. भोकाजवळची अरुंद पट्टी वर ठेवावी आणि तिला धरून कुणीही उचलू नये.

आधी सगळं कोरडं मांडून बघा. सिंक बसतंय, शेगडी बसतेय, जोड मिळतोय, भिंतीशी फट सारखी आहे. काही घासायचं असेल तर ते आत्ताच. मग लाद्या उचलून बाजूला.

आडवा कडप्पा ओला करून त्यावर एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळूचा माल, चार ते सहा सूत जाड. त्यावर सिमेंटचा पातळ घोळ. फिकट ग्रॅनाइट असेल तर पांढरं सिमेंट किंवा पांढरी चिकटवणी वापरायची, नाहीतर खालचा करडा रंग वर काळपट ढगांसारखा दिसतो. लादी मागून टेकवून हळूच पुढे सोडायची, आणि लाकडी हातोड्याने मधून कडेकडे ठोकत जायचं. पाणसळ (लेव्हल) लांबीत, रुंदीत आणि तिरकी, तिन्ही बाजूंनी.

उताराबद्दल मिस्त्रींशी वाद होतो. ‘सिंककडे चांगला उतार देतो, पाणी आपोआप जाईल,’ असं ते म्हणतात. पण उतार जास्त झाला की शेगडी तिरकी, आणि डोशाचं पीठ तव्याच्या एका बाजूला धावतं. शेगडीखालचा भाग पूर्ण सपाट ठेवा; सिंकलगतच्या दोन-तीन फुटांत दोन-तीन मिलिमीटरचा उतार पुरतो.

लादी बसली की रुपयाच्या नाण्याने सगळीकडे वाजवत जा. कुठे पोकळ वाजलं तर लादी लगेच उचलून तिथे माल भरायला लावा. अर्ध्या तासानंतर हे शक्य नसतं, आणि बरोबर त्याच जागी पुढे कुणीतरी खलबत्ता ठेवून वेलदोडे कुटतो.

जोडात दगडाच्या रंगाचं इपॉक्सी (सुकून कडक होणारी चिकटवणी) थोडं वर येईल इतकं भरायचं आणि सुकल्यावर ब्लेडने खरवडून काढायचं. पांढरं सिमेंट भरलेला जोड वर्षभरात काळा पडतो.

डाडो आणि सिलिकॉन

भिंतीवरच्या टाइल्स ओट्यानंतरच. टाइल ग्रॅनाइटच्या डोक्यावर उभी राहिली पाहिजे, म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी ओट्यावर उतरतं, मागच्या फटीत शिरत नाही. टाइल आणि दगड यांच्यात कार्डाएवढी फट ठेवून ती सिलिकॉनने भरा, बुरशी न धरणाऱ्या. सिंकची कडही तशीच. सिलिकॉन भरण्याआधी दोन्ही बाजू कोरड्या हव्यात, आणि नंतर चोवीस तास पाणी नको. मिक्सरचा प्लग टाइल लागण्याआधी ठरवा. शेगडीच्या मागे नको.

पहिले काही दिवस

पहिला दिवस ओट्याला हात लावायचा नाही. तीन दिवस वजन नाही, आठवडाभर चढायचं नाही. सिंकखाली वर्तमानपत्र पसरा, सिंक तोंडोतोंड भरून एकदम सोडा. कागद ओला झाला तर जोड कुठला सैल आहे ते तिथल्या तिथे कळतं, आणि प्लंबर तोवर गेलेला नसतो. शेवटचे पैसेही या चाचणीनंतरच द्यावेत.

रोजच्या पुसण्याला भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी पुरे. फरशीचं अ‍ॅसिड ओट्याजवळ आणू नका. ग्रॅनाइटचं एक वेळ काही होणार नाही, पण जोड आणि खालचा कडप्पा खराब होतो. गरम कुकर ग्रॅनाइट सहन करतो, तरी जोडातल्या इपॉक्सीला तो सोसत नाही, म्हणून अडणी हाताशी असू द्या. फिकट दगडावर मधूनमधून पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंबाखालचा भाग गडद व्हायला लागला की सीलर पुन्हा लावायची वेळ झाली.

आणि हो, सिंकच्या भोकातून निघालेला तुकडा कारागिराकडे सोडून येऊ नका. त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. आमचा २२ बाय १६चा निघाला. कडा गोल घासून घेतल्या, एक बाजू पॉलिशची होतीच. नारळाच्या वड्या आता त्याच्यावरच थापतो. दगड गार, वड्या लवकर आळतात.